मोटारसायकल-मालकांची अनुभवभाषा : काही क्रियापदांचा विचार

नवी मोटारसायकल घ्यावयास निघालेला मनुष्य दुकानाची पायरी चढण्यापूर्वी तीच गाडी बाळगणाऱ्या एखाद्या मालकाला गाठतो आणि विचारतो, "गाडी कशी आहे?" उत्तर बहुधा विशेषणाने सुरू होते : 'दमदार', 'आरामशीर', 'वजनदार', 'नाजूक'. ऐकणाऱ्याचे लक्षही त्या विशेषणावर खिळते. वस्तुतः विशेषणाने फारसे काही कळत नाही. 'दमदार' हे विशेषण १०० घन सेंटिमीटरच्या जुन्या यामाहालाही लावले जाते आणि १००० घन सेंटिमीटरच्या गाडीलाही. गाडी आणि तिचा मालक ह्यांच्यामध्ये नेमके काय घडत आले आहे, हे विशेषणामागून येणाऱ्या वाक्यांतील क्रियापदांवरून कळते. गाडी 'देते', 'खाते', 'ऐकते', 'पडते'. मालक तिला 'मारतो', 'पिळतो', 'झोपवतो', 'उचलतो'. ह्या क्रियापदांचा कर्ता कोण, कर्म कोण, आणि कर्ता कोठे गाळला जातो, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा विषय होय. विषय वरवर पाहता हलका वाटेल. परंतु येथे ज्या वाक्यांचा विचार करावयाचा आहे त्यांतील काही वाक्ये रुग्णालयात आणि पोलीस ठाण्यात उच्चारली जातात, हे ध्यानात ठेवलेले बरे.

प्रथम वस्तूंचा परिचय. हौशी मालकांच्या बोलण्यात मोटारसायकलींचे तीन वर्ग येतात : लांब पल्ल्याच्या, म्हणजे 'टूरिंग', खडबडीत वाटांवरही जाऊ शकणाऱ्या, म्हणजे 'ॲडव्हेंचर', आणि वेगासाठी बांधलेल्या, म्हणजे 'स्पोर्ट'. पहिल्या वर्गात स्वार ताठ बसतो, हँडल उंच असते व दोन चाकांमधील अंतर मोठे असते, त्यामुळे सरळ रस्त्यावर गाडी स्थिर राहते. होंडाची 'गोल्ड विंग' ही ह्या वर्गाची टोकाची परिणती. तिचे अलीकडील नमुने साडेतीनशे किलोंहून अधिक वजनाचे आहेत. दुसऱ्या वर्गाचा उगम सामान्यतः बी. एम. डब्ल्यू. कंपनीच्या १९८० सालच्या 'आर ८० जी/एस' ह्या गाडीत मानला जातो. त्यातील 'जी' आणि 'एस' ही अक्षरे 'रानवाट' आणि 'रस्ता' ह्या अर्थांच्या जर्मन शब्दांची आद्याक्षरे आहेत. एका नावात दोन भूमी सामावण्याची ती महत्त्वाकांक्षा होती. तिसऱ्या वर्गात स्वार पुढे वाकतो, पाय मागे घेतो आणि वजनाचा काही भार मनगटांवर येतो. आपल्याकडील दोन परिचित गाड्या शेजारी ठेवल्या म्हणजे फरक आकड्यांत दिसतो. २००८ साली आलेल्या यामाहा आर १५ ह्या गाडीच्या दोन चाकांमधील अंतर १२९० मिलिमीटर होते. २०१६ साली आलेल्या रॉयल एनफील्ड हिमालयनचे १४६५ मिलिमीटर. पहिली वळणात चटकन शिरते. दुसरीला वळण दाखवावे लागते, पण खड्ड्यांतून ती निभावून नेते.

ह्या सर्व गाड्यांना मराठीत एकच लिंग आहे. ही गोष्ट इतकी अंगवळणी पडली आहे की तिचे नवल वाटत नाही; वास्तविक ते वाटावयास हवे. 'राजदूत' हा संस्कृत शब्द निःसंशय पुल्लिंगी. तथापि त्या नावाच्या मोटारसायकलीविषयी बोलताना कोणीही 'माझा राजदूत' म्हटले नाही. 'माझी राजदूत' असेच म्हटले गेले. हिमालय पुल्लिंगी, पण 'हिमालयन घेतली'. म्हणजे येथे नावाचे मूळ लिंग निष्प्रभ ठरते आणि वरच्या जातिवाचक शब्दाचे, 'गाडी' ह्या शब्दाचे, लिंग खाली उतरते. सर्वच वाहनांना हे लागू नाही : ट्रक व टेम्पो पुल्लिंगी राहिले. जर्मन भाषेत ह्याचा एक मोठा मौजेचा प्रतिध्वनी सापडतो. त्या भाषेत मोटारसायकलीसाठी असलेला रूढ शब्द नपुंसकलिंगी आहे. परंतु कंपनीच्या नावाने उल्लेख करावयाचा झाल्यास मोटारसायकल स्त्रीलिंगी होते व मोटारगाडी पुल्लिंगी. 'बी. एम. डब्ल्यू.' ह्या एकाच नावापुढे केवळ निर्देशक शब्द बदलला की चार चाकांची दोन चाके होतात. १९५२ साली एर्नेस्तो गेव्हारा व त्याचा मित्र ज्या नॉर्टन मोटारसायकलीवरून दक्षिण अमेरिकेच्या प्रवासाला निघाले तिचे 'ला पोदेरोसा' हे नावही स्त्रीलिंगीच होते. स्पॅनिश भाषेत मोटारसायकल हा शब्दच स्त्रीलिंगी आहे. यावरून स्वार गाडीला स्त्री समजतात असा निष्कर्ष काढण्याची घाई होऊ नये. अमुक शब्द अमुक लिंगाचा असणे ही व्याकरणाची व्यवस्था आहे. तिच्यातून थेट मनोविज्ञान काढू पाहणारे अनेक लेख निघाले आहेत आणि त्यांतील बहुतेक टिकलेले नाहीत.

लिंगापेक्षा क्रियापदांचा वारसा अधिक बोलका आहे. मोटारसायकल महाराष्ट्रात आली तेव्हा तिच्या आवाजावरून तिला 'फटफटी' हे अनुकरणवाचक नाव पडले. नाव नवे घडले. पण तिला चालविण्याच्या क्रियेसाठी बोलणाऱ्यांनी घोड्याच्या व बैलांच्या परिवारातील शब्द वापरले. चालविणारा 'स्वार' झाला. वेगाने नेणे म्हणजे 'दामटणे', हा शब्द घोड्यासाठीच होता. 'हाणणे' बैलांच्या पाठीवरून आले. सांप्रतही गाडी वळणात किंवा गर्दीत इच्छेबरहुकूम वागते हे सांगावयाचे असेल तर मालक म्हणतो, "गाडी ऐकते." इंग्रजी मासिकांत ज्या गुणासाठी 'हँडलिंग' हा शब्द रूढ आहे त्याला मराठी पारिभाषिक शब्द घडविण्याचे काही प्रयत्न झाले असतील, पण बोलणाऱ्यांना त्यांची गरज पडलेली दिसत नाही. 'ऐकते' हे क्रियापद त्या गुणाचे वर्णन अधिक नेमके करते. कारण त्यात सांगणारा आणि ऐकणारी असे दोन पक्ष गृहीत आहेत. "गाडी हातात बसली" ह्या वाक्यात तर काळाचाही अंतर्भाव होतो : आरंभी ती बसली नव्हती, सरावाने बसली.

'दम' हा शब्द ह्याच परिवारातील. मुळात श्वास, त्यावरून ताकद. लेह-लडाखची वारी करून आलेल्या मालकांच्या कथनात "वर गाडीला दम लागला" हे वाक्य हमखास येते. खारदुंग ला ही खिंड सुमारे ५,३५९ मीटर उंचीवर आहे. तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा होतो. कार्ब्युरेटरच्या गाडीत पेट्रोलचे प्रमाण त्या मानाने कमी होत नाही. मिश्रण दाट होते, ज्वलन अपुरे राहते आणि चढावर इंजिन गुदमरते. इंधन-अंतःक्षेपणाची व्यवस्था असलेली गाडी मिश्रण जुळवून घेते, तरी प्राणवायूच कमी असल्याने तिचीही शक्ती घटते. अर्थात "दम लागला" हे येथे अलंकारिक राहतच नाही. स्वाराला आणि यंत्राला एकाच कारणाने, एकाच ठिकाणी, एकच गोष्ट होत असते.

लांब पल्ल्याच्या गाडीच्या मालकाचे कथन बहुशः देण्याघेण्याच्या क्रियापदांवर चालते. "पेट्रोल किती खाते?" "ॲव्हरेज किती देते?" इंग्रजीत सरासरी ह्या अर्थाचा 'ॲव्हरेज' हा शब्द मराठीत एका लिटरमागे कापलेल्या अंतरासाठी रूढ झाला आणि मूळ अर्थापासून इतका सुटला की "ॲव्हरेज सरासरी ४५ येतो" असे वाक्य कोणालाही खटकत नाही. तसेच 'पिकअप', तसेच 'रनिंग'. ह्या वर्गाच्या मालकाला गाडीने काय दिले ह्याचा हिशेब मांडावयाचा असतो : किती अंतर, किती खर्च, पाठ किती वेळाने दुखू लागली. "सातारा सोडल्यावर एकदाही पाय खाली टेकवला नाही" ह्या वाक्यात गाडीचे नावही नाही; आणि तरी ते तिच्या स्तुतीचे वाक्य आहे. २००३ साली आलेल्या हिरो होंडा करिझ्मासारख्या गाडीने तिच्या मालकांच्या मनात जे स्थान मिळविले ते मुख्यतः अशाच वाक्यांतून.

क्रीडावर्गाकडे वळताच चित्र पालटते. येथे मालक स्वतः कर्ता होतो व क्रियापदे सकर्मक होतात : मूठ 'पिळली', गाडी 'मारली', वळणावर 'झोपवली', पुढचे चाक 'उचलले'. ह्यांपैकी 'झोपवणे' हे विशेष विचारार्ह आहे. सर्वसामान्य बोलीत आपण गाडी 'वळवतो', आणि वळवणे म्हणजे हँडल हव्या त्या दिशेला फिरवणे असे समजतो. अतिमंद गती सोडली तर दुचाकी तशी वळत नाही. उजवीकडे जावयाचे असेल तर उजवी मूठ क्षणभर पुढे ढकलली जाते, पुढील चाक निमिषमात्र डावीकडे जाते, त्यामुळे गाडी उजवीकडे कलते आणि मग वळते. बहुतेक स्वार हे नकळत करतात व विचारल्यास नाकारतात. 'वळवणे' हा शब्द ही प्रक्रिया झाकून टाकतो. 'झोपवणे' तिच्या जवळ जातो; कारण वळण हे कलण्याचे फळ आहे हे त्यात मान्य केलेले आहे. तरुण स्वारांची म्हणून नाके मुरडली जाणारी ही भाषा यांत्रिकीच्या दृष्टीने वडीलधाऱ्यांच्या भाषेपेक्षा अधिक अचूक आहे, एवढे येथे नोंदविणे भाग आहे. (वरंध किंवा आंबोलीच्या घाटात पावसाळ्यात गाडी झोपवणे शहाणपणाचे आहे काय, हा प्रश्न भाषाविज्ञानाच्या कक्षेबाहेरचा आहे.)

'उचलणे' हे क्रियापद तिन्ही वर्गांत फिरते आणि प्रत्येक ठिकाणी निराळे होते. "गाडी उचलली" म्हणजे विकत घेतली. "गाडी उचलून नेली" म्हणजे वाहतूक पोलिसांनी नेली. "गाडी चांगली उचलते" म्हणजे वेग चटकन घेते. आणि साहसी वर्गाच्या मालकाच्या तोंडी "तीनदा उचलली" म्हणजे ती तीनदा आडवी झाली आणि तीनदा उभी केली. ह्या शेवटच्या अर्थाने ते वाक्य निःसंकोचपणे, किंबहुना थोड्या अभिमानानेच उच्चारले जाते. ह्याचे कारण यंत्राच्या घडणीत आहे. अशा गाडीचे बूड जमिनीपासून उंच ठेवावे लागते. हिमालयन व हिरोची एक्सपल्स २०० ह्या दोन्ही गाड्यांत हे अंतर २२० मिलिमीटर आहे. त्याबरोबर बैठकही वर जाते : एक्सपल्सची ८२३ मिलिमीटर, केटीएम ३९० ॲडव्हेंचरची ८५५. मध्यम उंचीच्या भारतीय स्वाराचे दोन्ही पाय पूर्णपणे टेकत नाहीत. गाडी पळत असताना ही अडचण नसते; ती उभी राहताना, ओढ्याच्या काठावर किंवा उतारावर एक पाय चाचपडताना होते. म्हणून ह्या वर्गातील पहिला प्रश्न "ॲव्हरेज किती?" हा नसून "पाय पुरतात का?" हा असतो. चालती गाडी पडणे व उभी गाडी पडणे ह्या दोन निराळ्या घटना आहेत, आणि मराठीत दोहोंना एकच वाक्य आहे : "गाडी पडली." ऐकणाऱ्याने पुढचा प्रश्न विचारलाच पाहिजे.

येथे मुख्य मुद्द्याला हात घालावयास हवा. मराठीत अकर्मक व सकर्मक क्रियापदांच्या जोड्या विपुल आहेत : पडणे–पाडणे, तुटणे–तोडणे, लागणे–लावणे. मोटारसायकलीच्या परिभाषेने ही व्यवस्था अंगी मुरवून घेतली. ब्रेक 'लावला' आणि ब्रेक 'लागला'. गिअर 'टाकला' आणि गिअर 'पडला'. येथे 'पडणे' ह्या क्रियापदाची सकर्मक जोडी सामान्यतः 'पाडणे' नसून 'टाकणे' आहे, हा एक सूक्ष्म विशेष. सकर्मक रूपात स्वाराची क्रिया सांगितली जाते, अकर्मक रूपात यंत्राचा प्रतिसाद. दोन्ही मिळून एक संवाद होतो : त्याने ब्रेक लावला, पण तो लागला नाही. इंग्रजीत हीच गोष्ट सांगावयास मोठा वळसा घ्यावा लागतो.

गाडी आडवी होण्याच्या एकाच घटनेची मराठीत तीन कथने संभवतात. "मी गाडी पाडली." "माझ्याकडून गाडी पडली." "गाडी पडली." पहिल्यात कर्तृत्व आणि दोष दोन्ही स्वाराकडे. तिसऱ्यात कर्ता गाडीच. स्वाराचा मागमूस नाही. मधले वाक्य मोठे विलक्षण आहे. त्यात क्रियापद अकर्मक, कर्ता गाडी, पण 'माझ्याकडून' किंवा 'माझ्या हातून' ह्या पदाने स्वार पुन्हा आत येतो : हेतू नव्हता, तरी संबंध होता. अनिच्छेने घडलेल्या कृतीची जबाबदारी स्वीकारण्यासाठी ही रचना मराठीने राखून ठेवली आहे. कपबशी फुटली तरी ती वापरली जाते, आणि गाडी पडली तरी. मालकांची अपघातकथने ह्या कसोटीला लावून पाहिली तर असे आढळते की उभी गाडी पडण्याच्या प्रसंगी "माझ्याकडून" सहजी येते. वेगात असताना घडलेल्या प्रसंगी मात्र ते क्वचित येते. तेथे "गाडी घसरली", "मागचे चाक गेले", "ब्रेक लागला नाही", "समोरून तो आला" अशी वाक्यमालिका असते. वेग सांगताना तेवढा स्वार कर्ता होतो : "मी ऐंशीवर होतो." ह्या एका वाक्यात स्वार आणि यंत्र एकजीव झालेले आहेत, आणि पुढच्याच वाक्यात ते विलग होतात, कारण घसरते ती गाडी.

ह्यावरून अकर्मक वाक्य म्हणजे पळवाट असा समज करून घेणे मात्र अन्यायाचे होईल. १९८३ साली एस्कॉर्ट्स कंपनीने यामाहाची आर. डी. ३५० ही गाडी 'राजदूत ३५०' ह्या नावाने भारतात आणली. दोन सिलिंडरांचे ३४७ घन सेंटिमीटरचे दोन-फटकी इंजिन आणि आरंभीच्या नमुन्यात सुमारे ३० अश्वशक्ती. त्या काळच्या भारतीय दुचाकींच्या तुलनेत ही शक्ती कितीतरी अधिक होती. मूळ गाडीला पुढे चकतीचा ब्रेक होता. भारतीय गाडीला ढोलाचा बसविण्यात आला. ज्या मालकांनी "ब्रेक लागला नाही" असे सांगितले त्यांनी आपला दोष यंत्रावर ढकलला असे सरसकट म्हणता येणार नाही. वेगाला साजेसा ब्रेक त्या गाडीला नव्हता हे वस्तुतथ्य होते. स्वारांनी 'आर. डी.' ह्या अक्षरांचा 'रॅपिड डेथ' असा विग्रह केला तो ह्याच अनुभवातून. तसेच जुन्या बुलेटचे. १९५५ पासून मद्रास येथे तयार होऊ लागलेल्या ह्या गाडीचा गिअर दीर्घकाळ उजव्या पायाला व ब्रेक डाव्या पायाला होता. इतर बहुतेक गाड्यांत ह्याच्या उलट. घरी दोन गाड्या असलेल्या मालकाचा पाय आणीबाणीच्या क्षणी सवयीने चुकीच्या बाजूला जात असे : ब्रेक लावावयाचा तो गिअर पडे. "गिअर पडला" हे वाक्य येथे व्याकरणदृष्ट्या अकर्मक आहे आणि वस्तुतःही. स्वाराने तो टाकलाच नव्हता, पायाने टाकला.

आणखी एक प्रकार असा की यंत्र नीट काम करीत असताना मालकाला ते बिघडलेले वाटते. एप्रिल २०१९ पासून १२५ घन सेंटिमीटरहून मोठ्या इंजिनाच्या नव्या दुचाकींना चाक जाम होऊ न देणारी ब्रेक-व्यवस्था, म्हणजे 'एबीएस', सक्तीची झाली. जोराने ब्रेक लावताच ही व्यवस्था ब्रेकचा दाब सेकंदाच्या अंशात पुनःपुन्हा सैल-घट्ट करते आणि ती थरथर हातापायांना जाणवते. तिची ओळख नसलेला मालक तक्रार करतो, "ब्रेक मारला की तो धक्के देतो, नीट लागत नाही." 'लागणे' ह्या क्रियापदाचा त्याच्या मनातील अर्थ जुन्या ब्रेकवर घडलेला आहे : घट्ट बसणे, चाक थांबणे. चाक न थांबता गाडी थांबणे हा अर्थ त्या शब्दात अद्याप शिरलेला नाही. उलट साहसी वर्गातील मालकाला सुट्या खडीवर मागचे चाक थोडे जाम झालेले हवे असते. खडीचा ढीग चाकापुढे साचून गाडी लवकर थांबते आणि मागची बाजू वळवून घेता येते. म्हणून काही गाड्यांत मागच्या चाकापुरती ती व्यवस्था बंद करण्याची सोय ठेवलेली असते. अशा मालकाच्या तोंडी "ब्रेक लागत नाही" हे वाक्य आले तर त्याचा अर्थ शहरी मालकाच्या वाक्याहून निराळा. दुरुस्तीच्या दुकानात किंवा कंपनीच्या तक्रार-नोंदवहीत हे वाक्य कोणत्या रस्त्यावरून आले ते लिहून ठेवले जात नाही, आणि तेथेच घोटाळा होतो. पंचनाम्यात तर "ब्रेक न लागल्यामुळे" एवढेच उतरते. ब्रेक लावला नाही, उशिरा लावला, की लावूनही लागला नाही, ह्या तीन गोष्टी ज्या भाषेत तीन निरनिराळ्या क्रियापदांनी सांगता येतात, त्या भाषेत लिहिलेल्या कागदावर त्या एक होऊन बसाव्यात, ही उणीव लेखनिकाची आहे, भाषेची नव्हे.

अनुभवकथनाला एक आणखी मोठी मर्यादा आहे. कथन करतो तो वाचलेला असतो. केंद्र शासनाच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने प्रसिद्ध केलेल्या आकड्यांप्रमाणे २०२२ साली भारतात रस्त्यावरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरील होती. त्यांची वाक्ये कोणत्याही संग्रहात नाहीत. टी. ई. लॉरेन्स ह्याचे उदाहरण ह्या संदर्भात देण्यासारखे आहे. 'ब्रफ सुपीरियर' ह्या वेगवान मोटारसायकली त्याने एकामागून एक बाळगल्या, आणि १९५५ साली प्रसिद्ध झालेल्या 'द मिंट' ह्या पुस्तकात मोटारसायकलीवरून विमानाशी लावलेल्या शर्यतीचे वर्णन केले; वेगाच्या आनंदाविषयी मालकाने लिहिलेल्या मजकुरात त्याला मानाचे स्थान आहे. मे १९३५ मध्ये तशाच एका गाडीवरून पडून डोक्याला झालेल्या दुखापतीने तो वारला. त्या प्रसंगी बोलावलेल्या डॉक्टरांपैकी ह्यू केर्न्स ह्या शल्यविशारदाने पुढे मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींचा अभ्यास हाती घेतला व १९४१ साली शिरस्त्राणाच्या उपयुक्ततेविषयी निबंध प्रसिद्ध केला. मालकाच्या कथनात जे येऊच शकत नव्हते ते अशा रीतीने दुसऱ्याच्या लेखनात आले. हेल्मेटविषयी मालक जेव्हा "त्रास होतो", "ऐकू येत नाही", "घाम येतो" असे सांगतात तेव्हा ते खोटे बोलत नसतात. एवढेच की ही सर्व क्रियापदे वर्तमानकाळी, रोजच्या अनुभवाची असतात, आणि हेल्मेटचा उपयोग ज्या क्षणी होतो तो क्षण बहुतेकांच्या अनुभवात नसतो.

तात्पर्याने पाहणाऱ्याला तीन वर्ग व तीन प्रकारचे कर्ते अशी सुबक जुळणी करण्याचा मोह होईल : लांब पल्ल्यात गाडी कर्ता, क्रीडेत स्वार कर्ता, साहसात वाट कर्ता. ती जुळणी अर्धवटच खरी आहे. "रस्त्याने वाट लावली", "चिखलाने ओढून घेतले" अशी वाक्ये साहसी मालकाच्या तोंडी अधिक येतात हे खरे. पण मुंबई–गोवा महामार्गाने पावसाळ्यात गेलेल्या कोणत्याही वर्गाच्या मालकाकडून ती ऐकावयास मिळतात. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकींना मनाई असल्याने जुन्या रस्त्याने खंडाळा चढणारा क्रीडावर्गाचा मालकही मालमोटारींच्या मागे अडकला की प्रवासी वर्गाची भाषा बोलू लागतो : मनगटे भरून आली, गाडी तापली, क्लचने हात मोडला. यंत्र भाषा ठरविते त्याहून अधिक रस्ता ठरवितो, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होईल.

ह्या शब्दसंग्रहातील काही रूपे आता यंत्राविना उरू लागली आहेत. 'चोक देणे' इंधन-अंतःक्षेपण आल्यावर निरर्थक झाले आणि बोलण्यातूनही गेले. बुलेटला किक मारण्याचा विधी, म्हणजे ॲमीटरचा काटा मध्यावर आणून, कळ दाबून, पिस्टन योग्य जागी ठेवून मग मारावयाची लाथ, आणि चुकल्यास नडगीवर उलटी बसणारी किक, हे सारे बटनाने संपविले. 'किक मारणे' मात्र स्कूटरवाल्यांच्या तोंडी अजून आहे. 'रिझर्व्हला लागणे' ह्याचा प्रकार निराळा. जुन्या गाडीत पेट्रोल संपत आले की इंजिन आचके देई, मग स्वार वाकून टाकीखालची तोटी फिरवी आणि राखीव पेट्रोलवर पुढे जाई. आजच्या नव्या गाड्यांना ती तोटी नाही; केवळ एक दिवा लुकलुकतो. तो लुकलुकला की तोटी कधीही न पाहिलेला विशीतला मालक पंपाकडे गाडी वळवतो आणि मागे बसलेल्याला सांगतो, "गाडी रिझर्व्हला लागली."